पाइपची तंबाखू : एकेक पान ओळखायला कसं शिकायचं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कोल्हापुरात आमचं मसाल्याचं दुकान आहे आणि मागच्या बाजूला कांडप. तीस वर्षं मिरची, धने, दगडफुलात गेली, त्यामुळे नाक हेच भांडवल. पाइपचा नाद लागला तोही नाकामुळेच. ओळखीतले पाइपवाले फार नाहीत, पण जे आहेत ते भेटले की तेच ते प्रश्न विचारतात. म्हणून एकदाच बसून लिहून काढलं.

मी तंबाखू ओढत नाही, पण हा छंद छान वाटतो. सुरुवात करू का?

नको. पाइपचा धूर छातीत घ्यायचा नसतो, म्हणून तो बाधत नाही, असं आम्ही पाइपवाले एकमेकांना सांगत असतो. ते खरं नाही. ओठ, जीभ, तोंड, घसा यांचे कर्करोग पाइपनेही होतात, फुप्फुसंही सुटत नाहीत, आणि निकोटिन तोंडातल्या नाजूक त्वचेतून थेट रक्तात जातं, त्यामुळे सवय लागते ती लागतेच. खाली लिहिलंय ते आधीपासून पाइप ओढणाऱ्या मोठ्या माणसांसाठी. नुसत्या वासापुरतं शिकायचं असेल तर त्याचीही सोय पुढे सांगितली आहे.

डब्यावर सगळं लिहिलेलं असतं की! वेगळं ओळखायला कशाला शिकायचं?

डब्यावरचा मजकूर माल खपवायला असतो. आमच्याकडे गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, ‘घरगुती मसाला द्या.’ कुणाच्या घरचा? ‘इंग्लिश मिश्रण’ हा तसलाच शब्द आहे. आज त्याचा अर्थ ‘यात लटाकिया (धुरात मुरवलेली काळी तंबाखू) आहे’ एवढाच धरतात. खुद्द इंग्लंडमधल्या केंडल गावात मात्र लटाकियाचा कणही नसलेली, वर फुलांच्या अत्तराचा शिडकावा केलेली तंबाखू पिढ्यान्‌पिढ्या बनत आली आहे.

खरा फायदा खिशाचा आहे. तुम्हाला तीन वेगवेगळे डबे आवडले नाहीत आणि तिन्हींत पेरीक नावाची आंबवलेली तंबाखू होती, हे कळलं की चौथा डबा वाचतो.

मग तंबाखूच्या जाती एकूण किती?

हा प्रश्न जरा फिरवून विचारा, म्हणजे उत्तर सोपं होतं. पाइपमध्ये जातं ते जवळजवळ सगळं निकोशियाना टबॅकम या एकाच वनस्पतीचं पान. बियाणात फरक असतो, जमिनीचा असतो, पण तुमच्या नाकाला जो फरक कळतो त्यातला मोठा वाटा पान तोडल्यानंतर घडतो. एकाच झाडाच्या कैऱ्यांचं लोणचं होतं, साखरआंबा होतो, आंबोशी होते. चव घेताना कुणी झाडाचं नाव विचारत नाही. तंबाखूचंही तसंच. आधी वाळवण ओळखायला शिका, जात मागाहून कळेल.

वाळवणी मुख्य चार. भट्टीतली, वाऱ्यावरची, उन्हातली आणि धुरातली.

भट्टीत पान पाच-सात दिवसांत वाळतं. धूर पानाला लागू न देता नळातून गरम हवा फिरवतात, उष्णता पायरीपायरीने वाढवतात. आधी पान पिवळं पडतं, त्यातल्या पिठाची साखर होते, आणि ती साखर पुढे खर्च व्हायच्या आत पान सुकवून टाकतात. म्हणून अशा भट्टीतल्या पानात, म्हणजे व्हर्जिनियात, साखर पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत सापडते.

वाऱ्यावर, म्हणजे मोकळ्या पडवीसारख्या कोठारात अख्खं झाड उलटं टांगून वाळवलं, तर चार ते आठ आठवडे लागतात. तेवढ्या काळात पान हळूहळू मरतं आणि मरता मरता आपलीच साखर खाऊन टाकतं. अशा वाऱ्यावरच्या पानात, म्हणजे बर्लीत, साखर जवळजवळ उरतच नाही ती यामुळे.

उन्हात वाळतात ती तुर्कस्तान, ग्रीस, बाल्कन प्रदेशातली चिमुकली ओरिएंटल पानं. देठापाशी दोऱ्यात ओवून त्यांच्या माळा टांगतात. धुरात वाळवतात ती केंटकी आणि लटाकिया.

व्हर्जिनियाच्या पिवळ्या पानाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८३९ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या कॅसवेल परगण्यात अबायशा स्लेड नावाच्या मळेवाल्याकडे स्टीफन नावाचा गुलाम होता. रात्री कोठारातली आग सांभाळणं त्याचं काम. त्याला डुलकी लागली, आग विझत आली, ओली लाकडं पेट घेईनात. घाबरून त्याने लोहारकामाचा कोळसा आणून टाकला. धूर नाही आणि एकदम कडक आच. सकाळी पानं पिवळीधमक. नळाच्या भट्ट्या नंतर रुळल्या, पण रस्ता त्या रात्री सापडला. पैसा अर्थातच मळेवाल्याला मिळाला.

शिकायला सुरुवात कोणत्या पानापासून करू?

व्हर्जिनियापासून. तीच पाया असते आणि तीच सर्वांत जास्त रूपं दाखवते. लिंबासारखी पिवळी, नारिंगी, विटकरी लाल, आणि वाफ-उष्णता देऊन काळी केलेली. पिवळीला सुक्या गवताचा, थोडा लिंबाच्या सालीचा वास. उन्हाळ्यात गंजीजवळ उभं राहिल्यासारखं वाटतं. लाल व्हर्जिनिया म्हणजे पावाच्या कडेचा खरपूसपणा आणि शिजलेल्या सुक्या फळांचा आंबटगोड वास. काही लाल व्हर्जिनियांच्या डब्यातून झाकण उघडताक्षणी व्हिनेगर किंवा चक्क टोमॅटो केचपचा वास येतो. मॅक्लेलंड या अमेरिकी कंपनीची तंबाखू त्यासाठी प्रसिद्ध होती. २०१८ मध्ये ती कंपनी बंद झाली आणि जुने डबे आता सोन्याच्या भावाने जातात. माझ्या भाच्याने एक आणून दिला होता. बायकोने झाकण उघडून विचारलं, ‘सामोसे कुठेत?’

पिवळी आणि लाल यांच्यातला फरक डोळे मिटून सांगता येईपर्यंत पुढे जाऊ नका. महिना लागला तरी लागू दे.

बर्ली कशी ओळखायची? मला ती ‘काहीच चव नसलेली’ वाटते.

तीच तिची ओळख. गोडवा शोधू नका, तो नाहीच. भाजलेल्या शेंगदाण्याचं टरफल, साखर न घातलेला कोको, कधी कोरडं पुठ्ठ्यासारखं काहीतरी. रंग तपकिरी, चमक नाही, हाताला हलकी आणि भुसभुशीत लागते. स्पंजासारखी रस पिते, म्हणून व्हॅनिला-चेरीवाल्या सुगंधी तंबाखूत बहुधा तीच खाली असते.

पांढरी बर्ली १८६४ साली ओहायो राज्यातल्या ब्राऊन परगण्यात निघाली. वाफ्यात फिकट रंगाची रोपं उगवली, ती रोगट म्हणून आधी उपटून टाकली होती.

एक सावधगिरी. व्हर्जिनियाचा धूर आम्लाकडे झुकतो, बर्लीचा अल्कलीकडे. अल्कली धुरातलं निकोटिन तोंडातून पटकन शोषलं जातं. त्यामुळे ‘चवच नाही’ म्हणत घाईघाईने ओढलेली बर्ली दहा मिनिटांनी हिशोब चुकता करते.

ओरिएंटल म्हणजे नेमकं काय? नावं तर वीस दिसतात.

इझमीर, सॅमसुन, बास्मा, झँथी, कॅटेरिनी ही नावं बहुतेक गावांची, बंदरांची किंवा प्रकारांची. सुरुवातीला सगळी एकच समजा. पान लहान, रंग पिवळट-हिरवट ते तपकिरी, निकोटिन कमी. वासात आंबटसर, किंचित दह्याच्या निवळीसारखं, चंदनाच्या खोडासारखं, मधूनच वाळलेल्या पालापाचोळ्यासारखं. कुणी त्याला नुसतं ‘मसालेदार’ म्हणतं. मी मसालेवाला असल्याने मला तो शब्द चालत नाही. कुठला मसाला? माझ्या वहीत बास्मापुढे ‘जुनं तमालपत्र’ लिहिलंय आणि इझमीरपुढे ‘धन्याची डाळ, न भाजलेली’.

लटाकिया आणि केंटकी दोन्ही धुरकट. फरक कसा करायचा?

इथे बहुतेकांची गाडी अडते, म्हणून सविस्तर सांगतो.

लटाकिया मुळात ओरिएंटल पान. आधी उन्हात वाळवतात, मग बंद कोठारात आठवडेच्या आठवडे सुगंधी झाडाझुडपांच्या धुरात ठेवतात. नाव सीरियातल्या बंदराचं, पण आज मिळते ती सायप्रसची, इझमीर जातीच्या पानापासून केलेली. धुरासाठी मस्तकी, जांभूळ-कुळातलं मर्टल, पाइन, ओक अशी लाकडं जाळतात. सीरियाची लटाकिया शेक-अल-बिंत नावाच्या पानाची, तिथल्या जंगलतोडीवर बंधनं आली तशी बाजारातून गेली.

केंटकी मात्र अमेरिकी जाड पान, ओक-हिकरीसारख्या कठीण लाकडाच्या धुरातलं. त्यात धूर पानावर बसतो, पानाला बदलून टाकत नाही. लटाकियात पान स्वतः हरवतं, धूरच उरतो.

आता नाकाने. लटाकियाच्या डब्यात होमकुंड विझल्यावरचा वास येतो, त्यात जुन्या चामड्याच्या पट्ट्याचा आणि थोडा धुपाचा. तोंडात मात्र ती अनपेक्षितपणे मऊ आणि गार लागते, शेवटी गोडसर. केंटकीचा वास चुलीवरच्या खरपूस मटणाच्या जवळचा, व्हिनेगराची टोचणी असलेला. तोंडात ती जड, मातकट, आणि घशाला लागते. डोळ्यांनीही कळतं. लटाकिया काळीकुट्ट आणि निस्तेज, केंटकी गडद तपकिरी.

ताकदीचा फरक सर्वांत मोठा. लटाकिया दिसायला राक्षस, निकोटिनला गरीब. केंटकी उलटी. पहिल्यांदा मी निव्वळ केंटकी सकाळी चहाआधी, रिकाम्या पोटी पेटवली. अर्धा पाइप झाला नाही तोच उचक्या, मग कानशिलांवर घाम, मग गॅलरीची फरशी तिरकी. तसाच खाली बसलो. आईने काही न विचारता गुळाचा खडा हातात दिला. तिच्या माहेरी निपाणीकडे तंबाखू लागलेल्या माणसाला तोच देतात.

काळी दिसली की लटाकिया, बरोबर?

चूक. काळी कॅव्हेंडिश पण काळीच असते. ती ओलसर, लवचिक, किंचित चकचकीत आणि वासाला गोड. कॅव्हेंडिश ही जात नव्हे, ती करण्याची पद्धत. व्हर्जिनिया किंवा बर्ली दाबून, वाफ देऊन मऊ-गोड करतात. पेरीकही काळपट असते, पण ती तेलकट, गुठळ्या झालेली. काळी केलेली व्हर्जिनिया आणखी वेगळी. म्हणजे एका डब्यात चार काळ्या असू शकतात, आणि फोटो पाहून ‘यात लटाकिया किती?’ विचारणाऱ्यांना माझं उत्तर म्हणूनच नेहमी ‘वास घ्या’ असं असतं.

पेरीक इतकी महाग आणि नावाजलेली का?

लुइझियाना राज्यातल्या सेंट जेम्स परगण्यात, मिसिसिपीच्या काठच्या छोट्याशा पट्ट्यात ती होते. वाळलेली पानं किंचित ओलावून, शिरा काढून, व्हिस्कीच्या जुन्या ओक पिंपांत भरतात आणि वरून स्क्रूच्या जॅकने दाब देतात. पानाचा रस सुटतो, त्याच रसात ते आंबत राहतं. मधून मधून पिंप उघडून पानं वरखाली करायची, पुन्हा दाबायची. साधारण वर्ष जातं. लोणच्याच्या बरणीवर दगड ठेवतो ना, तोच प्रकार, फक्त दगडाऐवजी जॅक.

वास आलूबुखाऱ्याचा, अंजिराचा, आणि आंबलेल्या द्राक्षांचा. ओढताना काळी मिरी. ही मिरी जिभेवर लागत नाही, नाकाच्या मागच्या बाजूला झोंबते, हीच तिची खूण. मिश्रणात पाच टक्के असली तरी कळते, दहाच्या वर गेली की दुसऱ्या कुणाला बोलू देत नाही.

एकेकटी, न मिसळलेली तंबाखू मिळते कुठे?

अमेरिका-युरोपातल्या पाइपच्या दुकानांत ‘मिश्रणासाठी’ म्हणून सुटी पानं औंसावर विकतात. आपल्याकडे कुणी येणारं-जाणारं असेल तर थोडी थोडी मागवा. एक-एक औंस, म्हणजे २८ ग्रॅम, सहा प्रकारांचा असला तरी वर्षभर शिकायला पुरतो. सगळंच निव्वळ मिळायला हवं असं नाही. ज्यात एकच पान ठळक आहे अशी मिश्रणंही चालतात.

‘निव्वळ’ लिहिलेल्यावरही डोळे झाकून विश्वास नको. पानाला दोन वेळा काहीतरी लावतात. सुरुवातीला पानात मुरवतात तो रस, त्यात साखर, ज्येष्ठमध, कोको असं काही. आणि शेवटी वरून मारतात तो सुगंध. पहिला चवीत मुरतो, दुसरा डब्यातून उडी मारून नाकात येतो. बर्लीत कोको ‘सापडला’ म्हणून खूश होण्याआधी तो बर्लीचा का कारखान्याचा, हे पाहा. वरचा सुगंध उघड्या बशीत दोन-तीन दिवसांत बराच उडतो. पानाचा स्वतःचा राहतो.

पाइप कुठला वापरू?

शिकण्यासाठी मक्याच्या कणसाचा. मिझुरी राज्यातल्या वॉशिंग्टन गावात १८६९ पासून बनतात. स्वस्त, हलके, आणि मागच्या तंबाखूची आठवण कमी ठेवतात. ब्रायर म्हणजे हेदरच्या एका झाडाच्या मुळावरच्या गाठीचा पाइप, तो मात्र वास धरतो. एकदा लटाकिया ओढलेल्या ब्रायरमध्ये पिवळी व्हर्जिनिया भरणं म्हणजे सुकट भाजलेल्या तव्यावर पोळी करणं. दोन कणसं घ्या, एक धुरकट पानांना, एक बाकीच्यांना. मातीचा पाइपही चालतो, पण हात भाजतो.

तंबाखू किती ओली असावी?

चिमटीत घट्ट दाबून सोडा. गोळाच राहिला तर ओली, कुरकुरली तर सुकी, हळूहळू उलगडली तर बरोबर. डब्यातून काढलेली बहुधा ओलीच असते. कागदावर पसरून अर्धा तास ठेवा, आमच्या पावसात दोन तास. ओल्या तंबाखूची वाफच जास्त होते, आणि चव कळायच्या ऐवजी जीभ पोळते.

माझी जीभ दरवेळी पोळते. मग चव कशी कळणार?

तुम्ही पाइप ओढत नाही, भट्टी फुंकताय. विडीचा झुरका विसरा. गरम चहा बशीत ओतून घेतो तसा, थोडा थोडा घोट. विझला तर विझू द्या, पुन्हा पेटवा, त्यात कमीपणा नाही. व्हर्जिनिया सर्वांत जास्त पोळते, म्हणून तिच्यावर सराव झाला की बाकी सोप्या जातात.

आणि चव जिभेवर शोधू नका. जिभेला गोड, आंबट, कडू, खारट अशा मोजक्याच चवी कळतात. गवत, अंजीर, चामडं हे सगळं नाकात. धूर तोंडात घोळवून, छातीत न घेता, त्यातला अगदी थोडा नाकावाटे सोडायचा. पहिल्यांदा डोळ्यांत पाणी येईल. पेरीक असेल तर शिंकाही येतील. रोज नको, आठवड्यातून एखाद्या वेळी पुरे. मी रविवारी एकच पाइप ओढतो, आणि माझा डॉक्टर चुलतभाऊ त्यावरही बोलणी देतो.

न पेटवता शिकता येतं का?

निम्म्याच्या वर. स्टीलच्या छोट्या वाट्या घ्या, गरम पाण्यात बुडवून कोरड्या पुसा, चिमूटभर तंबाखू टाका आणि वर बशी झाका. दोन मिनिटांनी बशी सरकवून वास घ्या. थंड वासात जे दबलेलं असतं ते वर येतं. दोन वाट्यांच्या मध्ये स्वतःच्या मनगटाचा वास घ्या, नाक ताजं होतं. ही युक्ती मिरची पारखताना मी रोज वापरतो. संकेश्वरी, ब्याडगी, लवंगी एकामागून एक हुंगल्या तर चौथ्या पोत्याला नाक संपावर जातं.

स्वतःची परीक्षा कशी घ्यायची?

वाट्यांच्या बुडाला चिठ्ठ्या चिकटवा आणि कुणाला तरी त्या फिरवायला सांगा. आमच्याकडे हे काम बायको करते. पहिल्या वेळी पाच वाट्या होत्या. मी रुबाबात पाचही नावं सांगितली, तीन चुकली. दुसऱ्या रविवारी चार बरोबर आली. तिसऱ्या रविवारी मी एका वाटीशी दहा मिनिटं अडलो. ओरिएंटल म्हणावं तर तिखटपणा जास्त, केंटकी म्हणावं तर धूर नाही, मागे काहीतरी ओळखीचं, घरातलंच. शेवटी हरलो म्हटलं. चिठ्ठी कोरी होती. तिने चहाची पत्ती आणि चिमूटभर शहाजिरं घातलं होतं.

त्यानंतर मी वहीत नाव लिहायच्या आधी नुसतं वर्णन लिहितो. नाव घाईने लिहिलं की नाक त्या नावाचं समर्थन करत बसतं. आणि वर्णनाला आपल्या घरातले शब्द वापरा. इंग्रजी परीक्षणांत ‘स्टोन फ्रूट’ वाचून तुम्हाला काय आठवणार? चिंचेचा कोळ, फणसाची वाळलेली पात, पावसाळ्यात बंद राहिलेलं कपाट, ओल्या गोणपाटाचा वास, हे शब्द उद्याही तोच वास समोर उभा करतील.

ओळखता यायला लागलं. मिश्रण कसं सुरू करू?

सोनाराकडे असतो तसा लहान डिजिटल काटा घ्या. एक खेप २० ग्रॅमची, म्हणजे एक ग्रॅम बरोबर पाच टक्के, डोक्याला ताप नाही.

पहिला प्रयोग असा करा. लाल व्हर्जिनिया १९ ग्रॅम, पेरीक १. दुसऱ्या बरणीत १८ आणि २. तिसरीत १७ आणि ३. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत पंधरा दिवस ठेवा, कारण ताजं मिश्रण प्रत्येक पान वेगवेगळं ऐकवतं, आणि ओलावाही सगळीकडे सारखा व्हायला वेळ लागतो. बरणीवर तारीख आणि वजनं लिहा. ‘लक्षात राहील’ म्हणून न लिहिलेली माझी एक फार सुंदर बरणी परत कधी जमली नाही.

मग व्हर्जिनिया १२, ओरिएंटल ५, लटाकिया ३. यात लटाकिया ६ करून बघा, म्हणजे ओरिएंटल कशी गुडूप होते ते कळेल. बरेच नवखे इथेच फसतात. धूर आवडला म्हणून लटाकिया वाढवत नेतात आणि महागड्या ओरिएंटल पानाचे पैसे धुरात घालतात.

बर्ली मी चवीपेक्षा अंगासाठी घालतो. मिश्रण पातळ, टोकदार वाटलं की दोन ग्रॅम. कांदा-लसूण मसाल्यात सुकं खोबरं जे काम करतं तेच.

कापणीकडेही लक्ष द्या. एकच पान पट्टीदार कापलेलं भराभर जळतं, फ्लेक म्हणजे दाबून कापलेली वडी सावकाश. वेगवेगळी जाडी एकत्र केली तर आधी बारीक जळून जातं आणि शेवटी जाडच उरतं. चूक पानाची नसते.

निपाणीची तंबाखू पाइपमध्ये चालेल का?

हा प्रश्न विचारल्याशिवाय आमच्या भागातला माणूस उठत नाही. निपाणीची तंबाखू विडीची. झाडाचा शेंडा खुडायचा, बगलेतले फुटवे काढत राहायचं, म्हणजे सगळा जोर थोड्या पानांत उतरतो. पान जाड, चिकट होतं, त्यावर तपकिरी ठिपके उमटले की कापणी. मग उन्हात वाळवून पानाचे तुकडे करतात. विडीच्या चार झुरक्यांत ताकद मिळावी म्हणून हा सगळा खटाटोप आहे. पाइपमध्ये ती एकटी भरलीत तर तुम्हालाही गुळाचा खडा लागेल. कूट असल्याने ती गच्चही बसते, धूर ओढला जात नाही.

मी अर्धा ग्रॅम, म्हणजे अडीच टक्के, लाल व्हर्जिनियात घालून पाहिली आहे. मागे एक ओळखीचा ठसका आला. मामाच्या गल्लीतल्या वखारीसमोरून जाताना लहानपणी आम्ही श्वास रोखून पळायचो, तो ठसका. वखारीत बाया पदराने नाकतोंड बांधून दिवसभर त्याच धुळीत बसलेल्या असत. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी निपाणीत महामार्गावर बसले, गोळीबार झाला, माणसं गेली. मामा त्याबद्दल बोलायचा तेव्हा पानाला चुना लावायचा हात थांबायचा. ती बरणी मी ओढून संपवली नाही. तशीच आहे.

आपल्याकडे पिकणारी दुसरी कुठली उपयोगी आहे का?

आंध्रात गुंटूर-प्रकाशम्‌कडे आणि कर्नाटकात म्हैसूर भागात भट्टीची व्हर्जिनिया मोठ्या प्रमाणावर पिकते. ती मुख्यतः सिगारेटच्या कारखान्यांना आणि निर्यातीला जाते, सुटी पाइपवाल्यापर्यंत क्वचित येते. परसात लावायचा विचार असेल तर थांबा. व्हर्जिनियाच्या लागवडीला गुंटूरच्या तंबाखू मंडळाची नोंदणी लागते, आणि भट्टीशिवाय वाळवलेलं ते पान व्हर्जिनियासारखं लागणारही नाही. वर वाळवणीचं सांगितलंय ते इथे आठवा.

जुन्या डब्यात पांढरं काहीतरी दिसतंय. फेकून देऊ?

उजेडात धरा. बारीक चकचकीत कण पानाच्या अंगाला चिकटून असतील तर मुरलेल्या व्हर्जिनियावर ते येतात, काळजी नको. कापसासारखं, जाळीसारखं, वर उभं राहिलेलं असेल आणि पावसाळी पादत्राणांचा वास येत असेल तर बुरशी. अख्खा डबा टाका, वरचं काढून खालचं ठेवू नका. घट्ट बंद डब्यातली व्हर्जिनिया वर्षांनुवर्षं मुरत जाते. लटाकियाचा तोरा मात्र काळाबरोबर उतरतो.

घरच्यांना लटाकियाचा वास सहन होत नाही. काही उपाय?

आहे. गॅलरी, दार बंद, आणि घरात लहान मूल किंवा दम्याचा माणूस असेल तर तेही नाही, खाली अंगणात. खिडकीत कापूर, अगरबत्ती लावून बघितली, त्याने लटाकिया अधिकच देवळासारखी वाटते. आमच्याकडे शेवटी असं ठरलं की लटाकियाच्या बरण्या दुकानाच्या मागे, कांडपाच्या खोलीत राहतील. परवा एका गिऱ्हाइकाने घेतलेला मसाला हुंगून विचारलं, ‘या वेळी दगडफूल जास्त भाजलंय का?’ त्या संध्याकाळी बरण्या तिथूनही हलवल्या.